आईने दोन दिवस मागितले, बाईंनी महिना दिला

धाकटी बहीण वैशाली टोरांटोला बाळंत होणार आणि बाळंतपणाला आई हवी, इतकं साधं कारण. तिथला तो जगप्रसिद्ध धबधबा बघायला आम्ही निघालो नव्हतो. तो नंतर बघितला. ठीक आहे. पावसाळ्यात रविवारी माळशेजला गेलात तर गाडी लावायचा त्रास साधारण तेवढाच होतो.

आम्हा मायलेकींना कॅनडाचा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला आणि आमच्या किन्हवलीत बातमी पसरली की आम्ही दहा वर्षं चाललो. शेजारच्या काकूंनी लगेच आमच्या म्हशीची प्रेमाने चौकशी सुरू केली. तुम्हीही जाणार असाल तर हे नीट ऐका. व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत यायची परवानगी. आत किती राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण त्याला वाटलं तर तो कमीही देतो, आणि त्याला काय वाटेल ते तुमच्या उत्तरांवर असतं.

निघण्याआधी आईला माहेरी टोकावड्याला जाऊन यायचं होतं. किन्हवलीहून सरळगावपर्यंत एसटी, तिथून माळशेजच्या रस्त्याने दुसरी. सरळगावला उतरलात तर गरम वडा खाऊनच पुढे जा, दुसरी एसटी तशीही तुमच्यासाठी घाई करत नाही. वाटेत मी आईची तयारी घेतली. किती दिवस राहणार? "अडीच महिने." कशाला? "पोरीचं बाळंतपन." इतकी उजळणी झाली की कंडक्टरलाही कॅनडात घेतलं असतं.

मामा ओटीवरच बसला होता. मामी गेल्यापासून तो एकटाच असतो. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "बसत नाय रे, लगेच निघते."

"आत्ता आलीस नि निघते काय? हातपाय धू."

"नाय, म्हस उपाशी हाय."

तीनदा त्याचा आग्रह झाला, तीनदा हिचं नाही झालं, आणि मग आम्ही दोन रात्री राहिलो. आमच्याकडे पाहुण्याने 'राहतो' म्हणायचंच नसतं. त्याने निघायचं, घरच्यांनी अडवायचं. मामाही आमच्याकडे आला की हेच करतो. फरक इतकाच की अडवायला कुणी थोडा उशीर केला, तर तो खरंच निघून जातो.

प्रवासाचं काय सांगू. विमानतळावरचा चहा टोकावड्याच्या ढाब्यावरच्या अख्ख्या थाळीच्या भावात मिळतो आणि चवीला गरम पाणी असतो. आईने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कारण पैसे भरले होते.

टोरांटोला उतरलो आणि रांगेतून एका अधिकारी बाईंसमोर जाऊन उभ्या राहिलो. बाई आईच्याच वयाच्या, हसतमुख. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि आईसाठी फोनवर मराठी दुभाषा जोडला. दुभाषा शुद्ध तुपातला. "आपण येथे किती काळ वास्तव्य करणार आहात?"

मराठी ऐकून आईचा चेहरा खुलला. "आमी कुठं राहतोय," ती म्हणाली. "पोरीचं तोंड बघते नि दोन दिवसांत निघते. घरी म्हस हाय."

दुभाष्याने म्हैससुद्धा न वगळता सगळं भाषांतर केलं. बाईंनी आईचं परतीचं तिकीट पाहिलं, ते अडीच महिन्यांनंतरचं. त्यांचं हसू गेलं. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. परत गेल्यावर कोण वाट बघतं, शेत कुणाचं, जावई काय करतो, खर्च कोण करणार, सगळं विचारलं. पाहुणा खरंच घरी जाईल का, एवढंच त्यांना जोखायचं असतं. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की किती राहायचंय? आई आग्रहाची वाट बघत होती. म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

बाईंनी शिक्का मारला आणि खाली पेनाने तारीख घातली. बरोबर एका महिन्यानंतरची. वैशालीला डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच आठवड्यातली होती. मला मात्र सहा महिने मिळाले, आणि रजा होती तीन आठवड्यांची.

गाडीत बसल्यावर मी भडकले. आई शांतपणे म्हणाली, "त्या बाईचं घर, तिचा उंबरा. तिच्या तोंडावर अडीच महिने कसं सांगू?"

उपाय होता. दिलेली तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत राहता येतं. वैशाली पोट सांभाळत लॅपटॉप घेऊन बसली. कारण काय लिहू, तिने विचारलं.

"लिही, अडलंच तर राहते."

वैशालीने हात थांबवला. "आई, तुला राहायचंय का नाय? मी आग्रह करनार नाय."

आई डिंकाच्या लाडवांचा डबा उगाच उघडत आणि लावत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "मला राहायचंय गो. मला लय राहायचंय."

माहेरी, सासरी, कुठल्याच घरात मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. वैशालीला तर हल्ली जाहिरात बघूनही येत होतं.

मुदत वाढली. मुलगी झाली. सव्वा महिना उरकून आई एकटी परत आली, आणि म्हशीने तिला दोन दिवस ओळख दाखवली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मामा पिशवीत वाल घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "बसत नाय, निघतो."

आईने पदराला हात पुसले. "किती दिवस राहनार, ते सांग आधी."

मामा गांगरला. हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. "म्हणजे, जाऊ?"

"जाऊ नको. तुला राहायचंय का, ते बोल."

त्याने एकदा एसटीच्या रस्त्याकडे बघितलं. मग चपला काढत म्हणाला, "घरी कोन हाय माझं. राहायचंय."

आईने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली. तारीख काही घातली नाही.