दोन नावांचं लिंबू

दादाचा सूड घ्यायचा म्हणून मी ऑइल पेंटिंग शिकले. कलेची ओढ वगैरे काही नव्हती.

दादा म्हणजे आमच्या लॅबमधला सीनियर, पुण्याचाच. टोकियोत आले तेव्हा ओजिमातली खोली त्यानेच मिळवून दिली होती, त्यामुळे राग दुप्पट. सहा महिने मायक्रोस्कोपला डोळा लावून मी माशांच्या पिल्लांच्या हृदयाचे फोटो काढले, आणि ते त्याच्या पेपरमध्ये फक्त त्याच्या नावाने गेले. माझं नाव आभारातही नाही. पेपर अजून छापून यायचा होता. विचारलं तर म्हणाला, "अगं, पद्धत माझी. तू नक्कल केलीस. नक्कल करणाऱ्याचं नाव लावतात का कुठे?"

मी चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. चोराचं नाव जाड टायपात छापायचं, हे घरचं वळण. त्याच संध्याकाळी प्रोफेसरांसकट सगळ्या लॅबला मी ईमेल पाठवला. 'चोरी' हा शब्द लाल. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत राहिले. प्रोफेसर एवढंच म्हणाले, की अशा गोष्टी आधी आपसात बोलाव्यात. ओरडणारीच गुन्हेगार ठरली. दादा मार्चमध्ये प्राध्यापक होऊन भारतात परतणार होता. माझ्याकडे तेवढीच मुदत होती. त्याच्या निरोपाला माझ्या हाताने केलेली एक नक्कलच भेट द्यायची, असं मी ठरवलं.

ग्योतोकुच्या एका सभागृहात दर शनिवारी पेंटिंगचा वर्ग भरायचा. मी सोडून सगळ्या निवृत्त बायका, आणि शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरीच्या. नवीन माणसाने आधी एक जुनं चित्र हुबेहूब उतरवायचं, असा तिथला शिरस्ता. माझ्या वाट्याला आलं एक अर्धवट सोललेलं लिंबू, सुरी आणि चुरगळलेलं पांढरं कापड.

मी लिंबाला काळी कड काढली. सेन्सेईंनी ती चिंधीने पुसली आणि म्हणाल्या, लिंबाला कड नसते, पिवळा संपतो तिथे कापडाची सावली सुरू होते. पुढच्या शनिवारी पुन्हा कड. त्याच्या पुढच्याही. ठळक ठशांवर वाढलेल्या माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. एक थर वाळायला आठवडा लागायचा, आणि आठवडाभर मला दादाला हसून गुड मॉर्निंग म्हणावं लागायचं.

फेब्रुवारीत लिंबू जमलं. सेन्सेईंनी चौकटीवर चिठ्ठी लावायला सांगितली: वर 'मोशा', म्हणजे नक्कल, मग मूळ चित्रकाराचं नाव, मग माझं. यातलं एकही नाव गाळलं तर ती चोरी, असं त्या सहज बोलून गेल्या. मी इतक्या जोरात हसले, की शेजारच्या आजींचा ब्रश निसटला.

दादाच्या निरोपाच्या दिवशी लॅबच्या पद्धतीप्रमाणे भेटी सगळ्यांसमोर उघडल्या. लिंबू पाहून कौतुक सुरू झालं. दादाने चिठ्ठी वाचली आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायला गेला, पण प्रोफेसरांनी ते हातात घेतलं. दोन नावं का, त्यांनी विचारलं.

मी आवाज अजिबात चढवला नाही. "नक्कल करणाऱ्याचंही नाव लावतात," मी जपानीत म्हणाले. "इथे तसा नियम आहे."

प्रोफेसरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, सोमवारी तुझी प्रयोगवही घेऊन ये.

दादा माझ्या कानाशी येऊन मराठीत पुटपुटला, "घरच्या घरी बोललो असतो ना."

"सगळ्यात आधी तुलाच विचारलं होतं, दादा."

पेपरवर माझं नाव आलं, दुसरं. आई फोनवर म्हणाली, निरोपाच्या दिवशी तरी सोडायचं होतंस. मला जराही वाईट वाटलं नाही. दादा चित्र लॅबमध्येच टाकून गेला होता. मी ते पोस्टाने त्याच्या नव्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं, चिठ्ठी नीट चिकटवून.