देवघरातली गोळी

भाऊजींची गोळी बंद झाली ती देवीसमोर. नारळ फोडून, सगळ्यांच्या आनंदात.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

गजानन, माझे धाकटे दीर. उमरखेडला त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळलेली मोटार उघडून ते असा वास घ्यायचे, जसा आपण डाळ करपली का ते बघायला घेतो.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटची, म्हणून मला लग्नाच्या दिवसापासून ‘इंग्लिश वहिनी’ म्हणायचे. दुकानात एखादं इंग्रजी लेबल आलं की हाक यायची, “वहिनी, या गोऱ्यानं काय लिहून ठेवलं पाहा बरं!”

त्यांची दारू कधी वाढली ते कळलंच नाही. कळलं तेव्हा सकाळी हात थरथरायचे, तांब्याची तार बोटात टिकायची नाही.

मग सगळं करून झालं.

कोणीतरी सांगितलेल्या बाबांची पुडी झाली. एका व्यसनमुक्ती सेंटरमध्ये ठेवून झालं. तिथे त्यांना खोलीत कोंडलं होतं. परत आल्यावर पाचव्याच दिवशी पिऊन आले.

मी शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती. फोनवर रडले थोडी.

ती म्हणाली, “अगं वेडे, हा आजार आहे. याला औषध असतं. ओपीडीत घेऊन ये.”

औषध असतं! इतकी वर्षं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच यवतमाळच्या स्टँडवर पुड्या आणायला जाताना आम्ही कितीदा बस बदलली होती.

ओपीडीच्या दारावर ‘मानसोपचार’ अशी पाटी होती. भाऊजी थबकले.

“वहिनी, मी पागल हाय काय?”

“मी पण बसते तुमच्यासोबत. दोघं पागल.”

“नाई बा. कॉन्व्हेंटचं पागल लय महाग पडते.”

हसत हसतच आत गेलो.

डॉक्टर तरुण होते. आधी तपासण्या केल्या, काही दिवस ॲडमिट करून थरथर आणि घाम शांत केला, मग ती रोजची गोळी सुरू केली. निघताना म्हणाले, “बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. आणि कधी चुकून प्यायलात, तर पिऊन या. पण या.”

गोळीने काय होतं, ते मला भाऊजींनीच समजावलं.

“मोटारीले ओव्हरलोड रिले असते ना वहिनी? करंट जास्त झाला का खट्टकन बंद, मोटार वाचते. तसंच होऊन राह्यलं. दारूच्या दुकानापाशी पाय वयतात, अन् खट्ट! मन सरळ घरी चाल्लं येते.”

त्या रब्बीत त्यांच्या दुकानासमोर मोटारींची रांग होती. हात अगदी स्थिर. सासूबाई उगाच चहा घेऊन दुकानात जायच्या, नुसतं बघायला.

आणि मग दारू सुटावी म्हणून सासूबाईंनी बोललेला नवस फेडायला सगळे माहूरला गेलो.

देवीच्या प्रसादाचा तांबूल हातात घेऊन दारूला पुन्हा न शिवण्याची शपथ घ्यायची, असं ठरलं होतं. भाऊजींच्या खिशातून गोळ्यांची स्ट्रिप डोकावत होती. फुलसावंगीच्या मामांनी ती पाहिली.

“हे काय बे गजू?”

“डाक्टरची गोळी हाय मामा.”

“म्हंजे एक नशा सोडली अन् दुसरी धरली! देवीची शपथ घेऊन राह्यला, मग गोळी कायले पायजे? भरोसा नाही काय तुले तिच्यावर?”

मामा वाईट नव्हते. भाच्यासाठी अनवाणी पायऱ्या चढले होते.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “डॉक्टरांना विचारून बघू या.” पण तोवर त्यांनी स्ट्रिप आईच्या हातात ठेवली होती.

“वहिनी, आता बिनागोळीचा माणूस पाहा!”

किती ताठ उभे होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

पुढचं थोडक्यात सांगते. लांबवण्यासारखं नाही त्यात काही.

एका लग्नात पुन्हा प्यायले. मग रोज.

मी दुकानात गेले. म्हटलं, “चला, यवतमाळला जाऊ.”

त्यांनी मान वर केली नाही. “देवीची शपथ मोडली वहिनी. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?”

“शपथ देवीची होती. डॉक्टरांनी कुठे घेतली होती तुमच्याकडून शपथ? ते तर म्हणाले, पिऊन या.”

जरासे हसले. “सोमवारी जाऊ.”

सोमवारी दुकानाचं शटर आतून बंद होतं. मी बराच वेळ वाजवलं.

नंतर डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. यवतमाळला गेलोच शेवटी, पण वेगळ्या वॉर्डात.

आज वर्षश्राद्ध झालं.

आमच्याकडे गेलेल्याच्या पानावर त्याच्या आवडीचं ठेवतात. विडी ओढणाऱ्याला विडी, तंबाखूवाल्याला तंबाखू. भाऊजींच्या एका मित्राने कागदात गुंडाळून क्वार्टर आणली आणि पानाशेजारी ठेवली. हात जोडले.

सासूबाई म्हणाल्या, “उचल ते, बापा.”

“मावशी, आवडे ना त्याले.”

“आवडत नव्हती रे. सुटत नव्हती.”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देत देवघरात गेल्या. कुंकवाच्या करंड्यामागून काहीतरी काढून आणलं.

माहूरची ती स्ट्रिप. अर्धी राहिलेली.

वडे, कढी, खीर यांच्या मध्ये त्यांनी ती नीट ठेवली. पानाभोवती पाणी फिरवलं.

“खाऊन घे रे गजू. आता कोनी काही म्हनत नाही.”

मामा तिथेच बसले होते. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं.

तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर घेऊ द्या. देवाची शपथही असू द्या, गोळीही असू द्या.

भाऊजी, शांत झोपा.

तुमची इंग्लिश वहिनी