सगळ्यात मोठा जेट

माझा धाकटा मेहुणा बाळू याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी त्याची बाजू घेणार नाही.

मी पंचवटीच्या बाजारातला भाजीचा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली आणि स्वतःचा गाळा घेतला, तो केवळ जिभेच्या जोरावर. माझ्याशी भाव करायला येणारा माणूस घरून जेवून यायचा. (लग्नात मी भटजींशी घासाघीस करून त्याच दक्षिणेत मंगलाष्टकं जास्तीची म्हणवून घेतली होती. वऱ्हाडी हातात अक्षता घेऊन ताटकळले.) अशा माणसाला बायकोच्या भावाने गंडवावं!

मोबाईल खिशात येण्याआधीची गोष्ट. आम्ही इंदिरानगरला राहायचो आणि रविवारी मोटरसायकलवरून माझ्या सासरी, वणीला जायचो. सासूबाई होत्या तोवर लेक दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. त्या गेल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, ते काम स्वतःकडे घेतलं. जन्मभर पिठाची गिरणी चालवलेला राकट माणूस, पण वळणावर गाडीचा आवाज आला की भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात हजर.

त्या वर्षी काय बिघडलं कोण जाणे. आम्ही घरात शिरायचो तरी अप्पा आत सुपारी कातरत बसलेले. मग दचकायचे, आणि दचकल्याचा राग आमच्यावर काढायचे.

"चोरावानी येता. लेक तशीच उंबरा ओलांडून आत आली माझी."

एका रविवारी तर ते दिवसभर बोललेच नाहीत. परतताना माझी बायको सुनंदा माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. अप्पांना आपलं येणं नकोसं झालंय, हे तिने मनात घेतलं. आता बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणाली.

त्याच आठवड्यात बाळू पोत्यात गुंडाळलेला एक जाडजूड सायलेन्सर घेऊन आला. "दाजी, गाडी मांजरीसारखी चालते तुमची. व्यापाऱ्याची गाडी कशी, लांबून ऐकू आली पाहिजे."

त्याने भाव सांगितला. मी सायलेन्सर गंजलाय म्हणालो, वाकडा आहे म्हणालो, शेवटी तूही वाकडा आहेस म्हणालो. बाळू निम्म्यावर आला! शिवाय एअर फिल्टरच्या डब्याला भोकं पाडून देतो म्हणाला, तीही फुकट. सायलेन्सर मोकळा केला की गाडीला श्वासही मोकळा लागतो म्हणे. फुकट म्हटल्यावर मी त्याला जरा जास्तच पाडायला सांगितली. डब्याची चाळण झाली.

गाडीला आवाज वाघाचा आला आणि चाल दमेकऱ्याची. मुठीला पीळ द्यावा तर खोकायची, सोडावा तर मागून बार काढायची. बाजारात शिरताना असा बार निघाला की एका हमालाच्या डोक्यावरचं टोमॅटोचं क्रेट खाली आलं. मी त्याच्यावर ओरडलो, मग कळलं की टोमॅटो माझेच आहेत.

गाडी रफिक मिस्त्रीकडे नेली. त्याने डबा पाहिला, सायलेन्सर पाहिला आणि कार्बोरेटर उघडला. हवा लय झाली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणाला. जेट बदलावा लागेल. जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. रफिकच्या डबीत लहानमोठ्या भोकांचे बरेच होते. मी भाव विचारला. सगळ्यांचा एकच! एकाच भावात मोठा मिळत असताना लहान घ्यायला मी काय खुळा आहे?

"सगळ्यात मोठा टाक."

"शेठ, थोडासा मोठा पुरंल. हा काय कांदा हाय का, निवडून मोठा घ्यायला?"

मी तापलो. पैसे माझे, गाडी माझी, तर जेटही माझ्या मनासारखा पाहिजे. रफिकने हात जोडले आणि सगळ्यात मोठा बसवला.

रविवारी मी सुनंदाला कसंबसं तयार केलं. शेवटचं एकदा जाऊ, अप्पांना काय खुपतंय ते विचारू, आणि मग वाटलं तर जाणं बंद करू. वाटेत गाडी पेट्रोल पीत होती की ओतत होती, कळेना. मागून काळा धूर असा की एसटीवाले भर दुपारी दिवे लावून येत होते. दिंडोरीच्या पुढे ती बंदच पडली. प्लग कोळशासारखा झालेला. तो मी रुमालाने पुसला, आणि त्याच रुमालाने घामही पुसला. सुनंदा हसली नाही. ती मनातल्या मनात अप्पांशी भांडत मागून गाडी ढकलत होती, आणि गाडी सुरू होताना सगळा धूर तिच्या तोंडावर आला.

धडधडत, बार काढत आम्ही वणीच्या वळणावर आलो. आता अप्पा काठी घेऊन धावतात, असं मी धरून चाललो होतो.

अप्पा रस्त्यावर उभे होते. एका हातात तांब्या, एका हातात भाकरीचा तुकडा, आणि चेहरा जत्रेला निघाल्यासारखा.

"आज कसं, माणसावानी आलात," ते म्हणाले. त्यांनी तुकडा सुनंदावरून ओवाळला, माझ्यावरून ओवाळला, आणि जरा विचार करून गाडीवरूनही ओवाळला. मग लेकीचं काळं तोंड न्याहाळत म्हणाले, "कोळशाच्या गाडीनं आली का गं?"

सुनंदाने रस्त्यातच त्यांना मिठी मारली. काजळी अप्पांच्या सदऱ्याला लागली.

बाळू सकाळपासून तिथेच होता. त्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की गिरणीच्या घरघरीत अप्पांचे कान गेलेत, आणि ते कबूल करत नाहीत. वर्षभर अप्पांना आमची गाडीच ऐकू येत नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मग व्यापारी जागा झाला आणि मी विचारलं, सायलेन्सर आणलास कुठून?

"आमच्या कंपनीतल्या एकाने टाकून दिलेला. फुकट."

"आणि मला विकलास?"

"दाजी, फुकट दिला असता तर तुम्हाला संशय आला असता. भाव पाडून मिळाला, म्हणून तर बसवलात."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुनंदाने मान डोलावली. माझी बायको असून!

दुसऱ्या दिवशी रफिकने बेताचा जेट बसवला. धूर गेला, आवाज तेवढा राहिला. पण फुकटच्या वस्तूचा भाव निम्म्याने पाडल्याबद्दल मी आठवडाभर बाजारात मिशीला पीळ देत फिरलो, त्याचं काय? याचं उत्तर बाळूने दिलंच पाहिजे. अंगणात सगळ्यांसमोर, आणि मोठ्याने, म्हणजे अप्पांनाही ऐकू जाईल.