शेवट सांगा, मग दुसरं घ्या

मागितलेली वस्तू न देण्यात दिल्लीची सरकारी कार्यालयं पटाईत आहेत असा ज्यांचा समज आहे, त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातले काका पाहिलेले नाहीत. कार्यालयात निदान खिडकी बंद झाली की सुटका होते. काका खिडकी उघडी ठेवून, खुर्ची पुढे सरकवून आणि वर चहा पाजून नकार देत. एका केंद्रीय खात्यात त्यांनी उमेदीची सारी वर्षं दुसऱ्यांच्या फायली शेरा मारून परत पाठवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून ते दर रविवारी करोलबागेजवळ, मंडळाच्या जिन्याखालच्या खोलीत, बिनपगारी बसत आणि लोकांना हवी ती पुस्तकं मिळणार नाहीत याची जातीनं काळजी घेत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा दिल्लीत येऊन मला फार दिवस झाले नव्हते. हिंदूरावच्या टेकडीखाली दोघांत एक खोली, दिवसा एम.ए.चे वर्ग आणि उरलेल्या वेळात सरकारी नोकरीच्या मोठ्या परीक्षेची तयारी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे वाचनालयात कसं बोलायचं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं. मी दारातच उभा राहून विचारलं, "सर, आधुनिक इतिहासाचं गाइड मिळेल का?"

"सर ऑफिसात राहिले. इथं काका," ते म्हणाले. "बस. शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं?"

मी घाबरून म्हणालो, "मी अर्धवट सोडत नाही."

"म्हणजे वाचत नाहीस."

काकांचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं होतं. त्यांच्या मते आवडलेल्या पुस्तकाचं नाव सांगताना माणूस हमखास खोटं बोलतो, मोठमोठी नावं घेतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल खोटं बोलण्याचं त्याला कारणच नसतं. तेव्हा कोणतं सोडलं, कुठं सोडलं हे ऐकायचं आणि त्यावरून औषध काढायचं. मी शेवटी कबूल केलं की अर्थशास्त्राचं एक जाडं पुस्तक प्रस्तावनेतच सोडलं आहे. काकांनी चष्मा वर केला, कपाटात डोकं घातलं आणि मधमाश्यांवरचं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. परीक्षेत मधमाश्यांवर कधीही काही विचारलं गेलं नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

सरोजिनीनगरच्या क्वार्टरमधल्या एक वहिनी पाककृतींचं पुस्तक मागायला आल्या होत्या. त्यांनी एक कादंबरी नायिकेच्या लग्नापाशी सोडलेली निघाली. काका म्हणाले, "लग्नापाशी सोडलीत म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आता डोंगरात जा." आणि त्यांनी हिमालयातल्या पायी प्रवासाचं पुस्तक दिलं. त्या महिन्यात त्या घरात वरणभाताखेरीज काही शिजलं नाही, असं त्यांच्या यजमानांनीच मला सांगितलं.

इतक्यावर भागत नसे. पुस्तक परत करताना काकांना शेवट सांगावा लागे. त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. मी मधमाश्या परत द्यायला गेलो तर म्हणाले, "शेवट?"

"काका, माहितीचं पुस्तक आहे. त्याला कसला शेवट?"

"मध काढून नेल्यावर त्या पुन्हा तिथंच राहतात की निघून जातात?"

ते माझं वाचायचं राहिलं होतं. काकांनी पुस्तक माझ्या पिशवीत परत घातलं. आम्हा सगळ्यांची ठाम समजूत होती की ही परीक्षा आहे. लोकांना घाम फुटे. वहिनींनी मात्र शेवटी वाटेत हरवलेल्या खेचराचं काय झालं ते इतकं रंगवून सांगितलं, की काका चहा प्यायचा विसरले.

त्याच सुमारास दिल्ली चहूबाजूंनी पसरू लागली. क्वार्टरमधली मराठी माणसं नोएडा, गुडगाव, वसुंधरा अशी स्वतःच्या फ्लॅटांत निघाली. घरांना बाल्कन्या आल्या, टीव्हीला चॅनेल आले, आणि रविवारी बस बदलून करोलबागेला येणं सगळ्यांना एकदम लांब पडू लागलं. वहिनीही नोएडाला गेल्या. मंडळाच्या चिटणीसांच्या कमरेला नुकताच पेजर आला होता आणि त्याबरोबर दूरदृष्टीही. त्यांनी काकांना गाठलं.

"काका, थोडं प्रॅक्टिकल व्हा यार. जो माँगे वो दे दो. दिवाळीच्या सभेपर्यंत गर्दी वाढली तर खोली तुमची. नाहीतर कमिटीचं म्हणणं आहे, कॉम्प्युटर क्लास काढावा. जमाना उसका है."

काका मुकाट्यानं हो म्हणाले. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. एक गृहस्थ शेअरबाजारात श्रीमंत होण्याचं पुस्तक मागत होते. काकांनी ते चक्क काढलं, पुढे केलं आणि सोडलं मात्र नाही. गृहस्थ एका बाजूनं ओढताहेत, काका दुसऱ्या बाजूनं.

"देतो," काका म्हणाले, "फक्त एवढं सांगा, आधीचं काय सोडलंत?"

"अहो, पुस्तक द्यायचंय की मुलाखत घ्यायचीय?"

गृहस्थ पुन्हा आले नाहीत. इतरही आले नाहीत. दिवाळीनंतर त्या खोलीत पडदे लागले, कूलर लागला. माणसांसाठी न लागलेला कूलर यंत्रांसाठी लगेच लागला, ही प्रगतीच म्हणायची. बरीचशी पुस्तकं मंडळाच्या माळ्यावर गेली. दोन कपाटं काकांनी स्वतःच्या जबाबदारीवर मुलाच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये नेली.

थंडी ओसरल्यावर मी तिकडे गेलो. कपाटं बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे होती. काका पाणी आणायला आत गेले तेव्हा मी सहज एक पुस्तक उघडलं. मध्यावर बसचं जुनं तिकीट होतं. दुसरं उघडलं, त्यातही अर्ध्यावर तिकीट. तिसऱ्यातही.

"काका, ही तिकिटं कसली?"

"तिथपर्यंत वाचलंय," ते म्हणाले.

"आणि पुढचं?"

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "पुढं कशाला? वाचता वाचता कोणाची तरी आठवण होते. हे अमक्याला द्यायला हवं असं वाटतं. मग मी तिथंच थांबतो. तो वाचणार, येऊन शेवट सांगणार. असंच चालायचं."

आम्ही ज्याला परीक्षा समजून घाम गाळत होतो, ती या माणसाची निव्वळ उत्सुकता होती. मधमाश्यांचं पुढं काय होतं हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"आता वाचून टाका की सगळी," मी म्हणालो. "वेळ आहे."

"वाचता येतील," ते कपाटाकडे बघत म्हणाले. "पण मग शेवट माझा मलाच कळणार. त्यात काय राम आहे. आणि इथं तिसऱ्या मजल्यावर शेवट घेऊन येणार कोण?"

निघताना मी एक कादंबरी मागितली. त्यांनी अर्थातच दुसरीच दिली. मी ती खोलीवर पूर्ण वाचली. शेवट फार वाईट होता. म्हातारा नायक रिकाम्या घरात कोणाची तरी वाट बघत बसतो, आणि कोणी येत नाही. तो शेवट घेऊन मी यमुनेच्या पुलावरून नोएडाला निघालो, आणि बसमध्येच तो थोडा बदलला.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. दाराची कडी वाजते, इथपर्यंत मी आलो. थांबलो. त्यांनी डोळे उघडून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा पुस्तकातला नाही," ते म्हणाले.

मी खाली मान घातली. ते उठले, कपाट उघडलं, एका पुस्तकातलं तिकीट काढून आपल्या खिशात ठेवलं आणि पुस्तक माझ्यासमोर धरलं.

"याचाही असाच आण."