आबांचा पाय आणि माझी माती

हाड जोडायला मी माती वापरते हे आबांना सांगितलं, तेव्हा माझं शिक्षण घरात पहिल्यांदाच कुणाला तरी समजलं. त्याआधी पोरगी शहरात विद्यापीठात काहीतरी उकळत बसते, एवढीच माझी कीर्ती होती.

आबा म्हणजे माझे वडील. पिशोरच्या बाजूला आमचं गाव, घरात मेंढरं. मेंढराचा पाय मोडला की आबा तो सरळ करून बांबूच्या कामट्या बांधत आणि वरून भिजवलेल्या चिकणमातीचा लेप देत. माती वाळली की पाय हलत नसे. आसपासच्या वाड्यांवरून लोक मोडक्या पायाची शेळी खांद्यावर टाकून त्यांच्याकडे येत.

दुष्काळाच्या वर्षी चाऱ्यासाठी त्यांनी कळप बिडकीनकडे नेला. नेहमीची चरायची वाट तिथं उरली नव्हती. कारखान्यांसाठी जमीन सपाट करणं चालू होतं, पाइपलाइनसाठी चर खणले होते. अशाच एका चरात ते पडले आणि नडगी मोडली. डॉक्टरांनी आत सळई घातली, पण काही महिने उलटले तरी हाड जुळेना. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्या फटीत भरावा लागेल, फार थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी दवाखान्यातून मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. कुबड्या भिंतीला टेकवून ते स्टुलावर बसले. आम्ही हायड्रोजेल बनवत होतो, म्हणजे पाणी धरून ठेवणारा मऊ जेल. हाडातल्या पोकळीत तो भरला तर पेशींना वाढायला जागा मिळते. पण नुसता जेल अगदीच लेचापेचा असतो, म्हणून त्यात चिकणमातीचे नॅनोकण घालायचे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या चकत्या जेलचे धागे धरून ठेवतात, आणि पेशींना हाड बनवायलाही मदत करतात असं दिसत होतं. मी आबांपुढे दोन वड्या ठेवल्या. साधी वडी त्यांच्या अंगठ्याखाली फुटली. मातीची दबली आणि परत वर आली. लहान मुलासारखे ते ती पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

"माती कुठली ही?"

"कारखान्यात बनवतात, आबा. आणि हे अजून माणसांना देत नाहीत."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, पण वडी काही खाली ठेवेनात.

थोड्याच दिवसांत भावाचा फोन आला. आबा ऑपरेशनला नाही म्हणत होते. पोरीची माती तयार झाली की बघू, हे त्यांचं उत्तर.

तेव्हापासून फोन वाजला की तो आबांचाच असेल म्हणून मी उचलायला उशीर करायची. त्यात काम ठप्प. नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं, आणि शुद्ध पाणी बनवणारं आमचं यंत्र गार ठेवायला वाहतं पाणी लागायचं. टँकरचं पाणी क्षारांचं, त्यात आमच्या मातीच्या गुठळ्या व्हायच्या. शुद्ध पाण्याचे विकतचे कॅन पुरवून पुरवून वापरायचे, नाहीतर हात बांधून बसायचं.

"माती कुठवर आली?" आबा फोनवर विचारत.

"पाणीच नाही, आबा."

"दुष्काळ हाय माय, उशीर व्हणारच. मी थांबतो."

नाथसागर धरण काठोकाठ भरलं तरी ही माती तुमच्यापर्यंत यायची नाही, आधी उंदीर, मग कित्येक वर्षं, असं मी कळवळून सांगायची. ते फोन आईकडे द्यायचे. मला भीती वाटायची आणि रागही यायचा. साधी गोष्ट या माणसाला कळत कशी नाही?

शेवटी एसटीनं गाव गाठलं. आबा बाजेवर बसले होते. मोडलेल्या पायाची पोटरी पार वाळली होती. ती बघून माझा तोल गेला.

"आबा, ही माती तुमच्या पायात जाणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. कदाचित तुम्ही असेपर्यंत नाही."

"ठावं हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "तवाच सांगितलं व्हतंस की तू."

"मग थांबलात कशाला?"

"समद्या गावाला सांगून बसलो, माझी पोरगी मातीनं हाड जोडती म्हणून. आता बापानंच कमरेचं हाड काढून भरलं, तर तुझ्या मातीवर कोण इस्वास ठेवल?"

मला रडू आलं. इतके दिवस मी त्यांना अडाणी समजून चिडत होते, आणि ते माझा मान राखायला पाय वाळवत होते.

मी डोळे पुसले. माझी माती चांगली की वाईट, हे ज्याच्या त्याच्या अंगातून काढून भरलेल्या हाडाशीच ताडून बघावं लागतं, असं त्यांना सांगितलं.

"म्हंजी अजून तुझ्या मातीपरीस हाडच बरं?"

"व्हय, आबा. लई बरं."

त्यांनी वाळलेल्या पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे पारावर येऊन तू सांग. माझं कुणी ऐकायचं नाय."

पारावर माणसं जमली होती. सगळ्यांसमोर मी सांगितलं, की माझ्या मातीपेक्षा अजून कमरेचं हाडच बरं, आणि आबांचं ऑपरेशन मीच ठरवलंय. कुणी हसलं नाही. फक्त आबा, त्यांच्या पायापायी मला माझीच माती चारचौघांत कमी ठरवावी लागली म्हणून, मान खाली घालून बसले होते, आणि घरी परतेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.