ऑफिसच्या कामाच्या नावाखाली इटालियन खून

मंडळी, आज बाबांना थाप मारली आणि तेव्हापासून चैन नाही.

माझ्याकडे परदेशी राहायला आलेले बाबा गुरुवारी पुण्याला परत जाणार. तरी "ऑफिसचं काम आहे" सांगून मी गॅरेजमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो आणि सत्तरच्या दशकातल्या एका इटालियन थ्रिलरची डीव्हीडी लावली. काळे हातमोजे, कुंकवासारखं लाल रक्त, संवादांशी न जुळणारे ओठ! खुनी कोण हे पाठ असूनही हे सिनेमे मला सोडवत नाहीत.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. मी घाईघाईने लॅपटॉप मिटायला गेलो.

"थांब," ते म्हणाले. "तो डॉक्टर बघ. सगळे घाबरलेत, हा एकटाच घाबरलेला नाही. खुनी हाच."

अगदी बरोबर!

"बाबा, कसं ओळखलंत?"

"अरे, मी ऑफिसच्या फायलीत लपवून रहस्यकथा वाचायचो. तुझ्या आईला वाटायचं, काम करतोय."

मग हसून म्हणाले, "चालू दे तुझं काम," आणि दार हळूच लावून गेले.

शेजारची खुर्ची रिकामीच होती. मी त्यांना थांबवलं नाही. सिनेमा संपवूनच उठलो.

आता बाबा हॉलमध्ये एकटेच रग्बी बघतायत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.

दुसरी डीव्हीडी घेऊन जाऊ का हो त्यांच्याकडे? कुठल्या तोंडाने जाऊ?