रेइनोचं बसायचं काम

रेइनो लाहतेलाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आम्ही फळ्या रचणारे यायच्या आत बॉयलर तापलेला लागे. बॉयलरवर तिघं असले तरी कोळसा तो एकटाच ओढायचा. त्याचं फावडं अर्धं भरलेलं मी कधी पाहिलं नाही.

मग कंपनीला कोळसा परवडेना. आमच्या आरागिरणीच्या लांब छपरावर सौर पॅनेल बसली, लाकूड वाळवायची भट्टी विजेवर गेली आणि बॉयलर विझला. बॉयलरवरच्या तिघांपैकी एकालाच पॅनेलांवर ठेवणार, असं मॅनेजर कॅरलबाईंनी सांगितलं.

रेइनोला ती नोकरी हवी होती साउनासाठी. साउना म्हणजे अंगणातली लाकडी वाफखोली; शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायची. त्याची कुजून पडली होती. दर शनिवारी तो आणि त्याची बायको इर्या टॉवेल घेऊन आमच्याकडे येत. आम्हा अमेरिकेतल्या फिनिश लोकांत ही मोठी लाजेची गोष्ट.

"पाणी बेतानं ओत," मी म्हणायचो, "दुसऱ्याची शेगडी आहे."

"शेगडी? मला काडेपेटी वाटली."

नोव्हेंबरात मोठा बर्फ पडला. सुपीरियर सरोवराच्या या काठाला छपरावर बर्फ दिसला की कोणी विचारत बसत नाही. लोखंडी खोरं घेऊन चढतात, नाहीतर छप्पर खाली येतं. रेइनो चढला. दुपारपर्यंत अर्धं छप्पर खरवडून मोकळं केलं. काम चोख होतं. पॅनेलांच्या काचांवर उठलेल्या रेघाही चोख होत्या.

पॅनेल बसवणारा ब्रेंट धावत आला. तो सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेचा, कमी बर्फाच्या भागातला. तिकडच्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो.

"हे कोणी केलं?"

"मी. एकट्यानं," रेइनो म्हणाला.

"अहो काका, ऊन आलं की बर्फ आपोआप घसरतो."

"पुलाखाली घसरत असेल."

तेवढ्यात ऊन पडलं. थोड्याच वेळात उरलेल्या छपरावरचा बर्फ, कोणी हात न लावता, धप्पकन खाली आला. थोडा रेइनोच्या टोपीवरही आला. तोंडावर कोणी हसलं नाही. आम्ही फळ्यांच्या ढिगामागे जाऊन हसलो.

कॅरलबाईंनी त्याला बोलावलं. मी दाराशीच घुटमळत होतो.

"वर चढायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बर्फ होता."

"सांगितलं कोणी, रेइनो?"

"बर्फ होता, बाई."

"आणि बाकीचे दोघं?"

"कॉफी पीत होते."

"न सांगता चढणाऱ्याला निदान खाली तरी उतरवता येतं; कॉफी पिणाऱ्यांना वर कोण चढवणार?" त्या म्हणाल्या. "नोकरी तुमची. पण खोरं माझ्या खोलीत राहील. बर्फ पडला की बसायचं आणि यंत्रावरचे आकडे बघायचे."

"कधीपर्यंत?"

"ऊन येईपर्यंत."

"नाहीच आलं तर?"

"बाहेरची वीज घेऊ. तुम्ही बसा."

हे काम त्याला कोळशाहून जड गेलं. आत्ता कोणी उठवेल, अशा तऱ्हेनं तो खुर्चीच्या कडेला बसायचा.

"काय रेइनो, दमलास?" मी जाता-येता विचारायचो.

"तू बसून बघ एकदा."

घाम न गाळता मिळालेला पगार घेताना तो मान खाली घालायचा. अशा पगाराला मान खाली घालण्यात मला काही चूक दिसली नाही.

त्या पगारातूनच शेवटी साउना उभी राहिली. सिडारच्या फळ्या त्यानं आमच्याच गिरणीतून घेतल्या, छपरावरच्या विजेवर वाळलेल्या. प्रत्येक फळी त्यानं नाकाशी नेली, बोटानं वाजवली, उलटून पुन्हा वाजवली. विजेच्या भट्टीची तो काय खोड काढतो, ते ऐकायला मी थांबलो होतो.

"बऱ्या वाळल्यात," तो म्हणाला आणि पैसे दिले.